जेन कॉनला पहिल्यांदा जाताना: कोणतं टेबल धरायचं आणि तिथे कसं बसायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून पर्ड्यू विद्यापीठात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने आजवर चार मित्रांबरोबर फक्त ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळलंय. यंदा इंडियानापोलिसला जेन कॉन या टेबलावरच्या खेळांच्या मोठ्या मेळाव्याला जायचंय, तेही एकट्याने. हजारो खेळांतून निवड कशी करायची, तिकिटं कशी मिळवायची, आणि अनोळखी लोकांच्या टेबलावर इंग्रजीतून खेळताना गडबडायला होऊ नये म्हणून काय करायचं?

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण जेन कॉन बघायला जातात. दिवसभर दालनं फिरतात, फोटो काढतात, पिशव्या भरतात आणि रविवारी पाय दुखत परततात. खेळलेले असतात जेमतेम एक-दोन डाव. एवढे पैसे आणि एवढा प्रवास खरा वसूल होतो तो टेबलावर. म्हणून सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती करा: दिवसाला एक पक्का खेळ, फार तर दोन, आणि ते नीट निवडलेले.

या मेळाव्याचा स्वभाव त्याच्या जन्मापासून तसाच आहे. गॅरी गायगॅक्स यांनी 1968 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये युद्धखेळ खेळणाऱ्यांना एकत्र बोलावलं. जेन कॉन हे नाव त्या जिनिव्हावरूनच आलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्यानंतर सहा वर्षांनी, 1974 मध्ये आलं. मेळावा 1985 मध्ये मिलवॉकीला आणि 2003 मध्ये इंडियानापोलिसला गेला. 2024 मध्ये 71 हजारांहून जास्त लोक आले होते. पण एवढा मोठा झाला तरी आरपीजीचे, म्हणजे अशा पात्रं घेऊन खेळायच्या गोष्टींचे, बहुतेक खेळ आजही हौशी गेम मास्टरच (गोष्ट सांगणारे आणि निर्णय देणारे) चालवतात. कथानक, पात्रं, नकाशे सगळं ते स्वतःच्या वेळात तयार करून आणतात. सहा खुर्च्यांच्या टेबलावरचे तिघे आले नाहीत, तर त्यांची महिनोनमहिन्यांची मेहनत वाया जाते. तिकीट घेतलं आणि बेत बदलला, तर ते खेळ सुरू होण्याआधी परत करा. खिशात ठेवून गप्प बसू नका.

आता वेळापत्रक. मेळावा गुरुवार ते रविवार, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असतो. प्रवेशाचा बॅज वेगळा आणि प्रत्येक खेळाचं तिकीट वेगळं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या हमखास लक्षात येत नाही. बॅज हिवाळ्यात विक्रीला येतात. चार दिवसांचे बॅज संपू शकतात. 2017 च्या पन्नासाव्या मेळाव्याला तर सगळेच बॅज संपले होते. हॉटेलच्या खोल्यांसाठी बॅजधारकांची सोडत होते. प्रत्येकाला एक वेळ मिळते आणि त्या वेळी जे शिल्लक असेल त्यातून निवडायचं असतं. डाउनटाउनमधल्या, कन्व्हेन्शन सेंटरला स्कायवॉकने जोडलेल्या खोल्या आधी जातात. वेळ उशिराची मिळाली तर हळहळत बसू नका. विमानतळाजवळचं हॉटेल घ्या आणि डाउनटाउनमधलं पार्किंग आधीच आरक्षित करा. सकाळी येऊन जागा शोधायची म्हटली, तर नऊचा खेळ गेलाच म्हणून समजा.

पर्ड्यूच्या वेस्ट लाफायेटहून रोज ये-जा करता येते, अंतर साधारण 65 मैल आहे. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीमुळे कोलंबस, इंडियाना इथे पुण्याकडची बरीच मंडळी आहेत, त्यांना तर ते आणखी जवळ. पण रात्री बाराला खेळ संपवून आय-65 महामार्गावरून एकट्याने गाडी हाकणं धोक्याचं आहे. ये-जा करणार असाल तर शेवटचा खेळ संध्याकाळी सहाच्या आत संपेल असा घ्या, नाहीतर निदान शुक्रवार-शनिवार तिथे मुक्काम करा. शिकागोहून येणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं: शिकागोत आठ वाजतात तेव्हा इंडियानापोलिसला नऊ वाजलेले असतात. आणि कोलंबस नावाचा घोळ करू नका. ओहायोतल्या कोलंबसला भरतो तो ओरिजिन्स हा वेगळा मेळावा.

बॅज पोस्टाने मागवायचा की तिथल्या विल कॉल खिडकीवर घ्यायचा, हा पर्याय विद्यार्थ्यांनी विचार करून निवडावा. उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी गाव बदलतं, अपार्टमेंटचा करार संपतो, आणि पाकीट जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं. पत्ता जुलैपर्यंत टिकेल याची खात्री नसेल तर विल कॉल घ्या, फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि शक्यतो बुधवारीच बॅज ताब्यात घ्या. गुरुवारी सकाळी ती रांग लांबलचक होते.

खेळांची यादी वसंतात जाहीर होते. तिच्यातून तुम्ही 50 पर्यंत खेळांची इच्छायादी बनवता. नोंदणीच्या दिवशी ती पाठवली की यंत्रणा तुमच्या रांगेतल्या क्रमांकानुसार आणि तुम्ही लावलेल्या प्राधान्यानुसार वरून खाली जागा देत जाते. एका वेळेला एक खेळ मिळाला की त्याच्याशी टक्कर होणारे पुढचे खेळ आपोआप वगळले जातात. नोंदणी इंडियानापोलिसच्या दुपारी बाराला सुरू झाली, तर तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ असतात. सुट्टीला घरी आला असाल तर हे आधीच कॅलेंडरमध्ये टाका. मिळालेल्या जागांचे पैसे ठरावीक मुदतीत भरले नाहीत तर त्या सुटतात, म्हणून पाठवून लगेच जेवायला उठू नका.

यादी कशी लावायची यात खरी अक्कल आहे. आवडीच्या क्रमाने सरळ लावणं ही नेहमीची चूक. प्रत्येक खेळापुढे एकूण जागा किती ते बघा. एखाद्या छोट्या खेळाचा एकच प्रयोग असतो आणि त्यात पाच-सहा जागा असतात. तो हवाच असेल तर यादीत पहिला. पाथफाइंडर सोसायटीसारख्या (पाथफाइंडर हाही असाच पात्रांचा खेळ) संघटित खेळांची बरीच टेबलं एकाच वेळी लागतात. तिथे जागा उशिरापर्यंत असतात, म्हणून ते तळाशी ठेवले तरी चालतात. प्रत्येक वेळेसाठी एक हवा तो आणि तीन-चार चालतील ते, अशी उतरंड लावा. पन्नासच्या पन्नास ओळी भरा. ज्याने फक्त सहा नावं लिहिली, त्याच्या पदरात बहुधा दोन पडतात.

खेळाच्या वर्णनातल्या तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिली अनुभवाची अट. ‘अनुभव नको, नियम शिकवू’, ‘थोडा अनुभव हवा’ आणि ‘निष्णात’ अशा तीन पायऱ्या असतात. निष्णातांच्या टेबलावर नवखा बसला तर कोणी रागावत नाही, पण चार तासांतला एक तास त्याला समजावण्यात जातो आणि बाकी पाच जणांचा खेळ आखडतो. दुसरी, साहित्य तिथे मिळणार की तुम्ही आणायचं, आणि पात्रं तयार मिळणार का. घरून पात्र बनवून आणायला सांगितलं असेल तर ते कोणत्या पातळीचं आणि कोणत्या पुस्तकातलं हेही तिथेच लिहिलेलं असतं. तिसरी, वयोगट. प्रौढांसाठी असं लिहिलेल्या खेळात हिंसा, भय, कधी लैंगिक विषय येतात. 21 वर्षांची अट असेल तर ओळखपत्र लागणारच.

ऑनलाइन फक्त डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलेल्याने इथे पुन्हा तेवढंच खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला खेळ ओळखीचा घ्या म्हणजे हात मोकळा होईल. पण दुसऱ्या दिवशी कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ घ्या. त्याचा पाया दहा मिनिटांत कळतो: पात्राच्या कागदावर ‘ग्रंथालय शोध 60’ लिहिलं असेल तर शंभराचे फासे टाकायचे, 60 किंवा कमी आलं की जमलं. दोन दहापैलू फाशांपैकी एक दशकाचा, एक एककाचा. 70 आणि 3 म्हणजे 73, आणि 00 बरोबर 0 आला तर तो शून्य नव्हे, 100. मग एखादा असा लहानसा खेळ घ्या, ज्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. अनेकदा तो खेळ लिहिणारा माणूसच तो चालवत असतो, आणि अशी संधी इतरत्र क्वचितच मिळते.

हवं ते तिकीट मिळालं नाही तर जेनेरिक, म्हणजे जागा असेल त्या कोणत्याही खेळाला चालणारी, तिकिटं आहेत. खेळाच्या तिकिटाच्या किमतीएवढी जेनेरिक घेऊन सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी टेबलाशी जा आणि गेम मास्टरला विचारा, ‘जागा रिकामी राहिली तर बसू का?’ तिकीटवाला आला नाही तर जागा तुमची. एकट्या माणसाला हे बऱ्याचदा जमतं, चौघांच्या टोळक्याला क्वचितच. सकाळी आठ-नऊच्या खेळांत, विशेषतः शनिवारी-रविवारी, आदल्या रात्री जागलेले लोक उठत नाहीत. तेव्हा नशीब आजमावून बघा. याची दुसरी बाजू अशी की तिकीट तुमच्याकडे असून तुम्ही उशिरा पोचलात तर तुमचीच खुर्ची गेलेली असेल.

आणि अंतर कमी लेखू नका. खेळ कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, आजूबाजूच्या हॉटेलांत आणि लुकस ऑइल स्टेडियममध्ये विखुरलेले असतात. स्टेडियमपासून जेडब्ल्यू मॅरियटपर्यंत गर्दीतून जायला वीस मिनिटं सहज जातात, वर खोली शोधायला पाच. एक खेळ एक वाजता संपतो आणि दुसरा एक वाजताच सुरू होतो असं वेळापत्रक कागदावर बसतं, प्रत्यक्षात बसत नाही. मध्ये किमान तास सोडा, त्यातच जेवणही होईल.

पिशवीत काय असावं? सात फाशांचा एक संच (चार, सहा, आठ, दहा, दशकाचा दहा, बारा आणि वीस पैलूंचा), दोन पेन्सिली, खोडरबर, दहा-पंधरा कोरी कार्डं, पाण्याची बाटली, फोनची पॉवर बँक आणि एक पातळ स्वेटर. बाहेर ऑगस्टचा दमट उकाडा असतो आणि आत वातानुकूलन हुडहुडी भरवणारं, म्हणून स्वेटर. घशासाठी खडीसाखर आणि लवंग ठेवा: एकाच दालनात अनेक टेबलं एकदम बोलत असतात आणि चार तास आवाज चढवून बोलावं लागतं. जमलं तर गेम मास्टरच्या जवळची खुर्ची धरा; टेबलाच्या टोकाला निम्मं ऐकू येत नाही. हॉटेलमधल्या छोट्या खोल्यांतले खेळ त्या मानाने शांत असतात. इंग्रजी उच्चार पटकन पकडता येत नसतील तर यादी करताना ठिकाणाच्या रकान्याकडेही बघा.

खाण्याचं म्हणाल तर बाहेर फूड ट्रक असतात, पण जेवणाच्या वेळी रांगा मोठ्या. शाकाहारी माणसाने डबा बाळगलेला बरा. दशम्या, मेथीचे पराठे, राजगिऱ्याचे लाडू चालतात. टेबलावर शेंगदाण्याची चिक्की काढू नका. शेजारच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते आणि अमेरिकेत ती गंभीरपणे घेतात. चिवडाही नको. तेल आणि हळद लागलेल्या बोटांनी दुसऱ्याचं पत्तं किंवा पुस्तक हाताळलं की डाग कायमचा.

आता टेबल. चार तासांच्या खेळाची चाल साधारण ठरलेली असते. पहिली पंधरा-वीस मिनिटं ओळख आणि पात्रवाटप, मग साधारण तीन तास गोष्ट, आणि शेवटचा अर्धा तास अखेरचा सामना. पात्रं मध्यभागी पसरली की नवख्याने चेटक्याकडे हात नेऊ नये. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पाचव्या पातळीच्या विझर्डकडे मंत्रांचा ढीग असतो. प्रत्येक वेळी कागद चाळण्यात मिनिटं जातात आणि बाकीचे ताटकळतात. फायटर (लढवय्या) किंवा रोग (छुपा चोर) घ्या. वीस पैलूंचा फासा टाका, त्यात कागदावरचा आकडा मिळवा, लक्ष्याइतकं किंवा जास्त आलं की झालं. मग डोकं गोष्टीत राहतं.

एक कार्ड दुमडून समोर उभं करा. बाहेरच्या बाजूला पात्राचं नाव, खाली स्वतःचं नाव, आणि पात्र दिसायला कसं आहे त्याचे तीन शब्द. आपलं नाव उच्चारायला अवघड असेल तर तोडून लिहा, म्हणजे शेजारी हाक मारायला कचरणार नाही आणि तुम्ही ‘ए, तू तिकडचा’ होणार नाही.

इंग्रजीतून अभिनय करावा लागेल ही धास्ती मनातून काढा. पात्राच्या आवाजात बोलायची सक्ती कुठेही नाही. ‘माझं पात्र त्याला समजावतं’ एवढं म्हटलं तरी पुरतं. काय करतोय, कशाने आणि कशासाठी, हे तीन तुकडे मात्र एका वाक्यात सांगा. ‘मी पुढे जातो’ एवढ्यावर गेम मास्टरला काही करता येत नाही. ‘मी पिंपामागे दडून पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली काढायला बघतो, म्हणजे दार न फोडता आत जाता येईल’ असं म्हटलं की त्याला कोणता फासा मागायचा ते लगेच कळतं. हेतू सांगितला की बाकीचे खेळाडूही मदतीला येतात.

एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुलांना इथे एक सोय आहे आणि एक अडचण. आवाज, शरीर, प्रसंगाचं भान त्यांच्याकडे असतं. पण तिथे संहिता ठरलेली असते आणि प्रकाशझोत कोणावर पडणार तेही. इथे झोत सहा जणांत वाटून घ्यायचा असतो. लागोपाठ दोन प्रसंग तुमचे झाले की तिसऱ्या वेळी गप्प बसलेल्याकडे वळा आणि पात्राच्याच तोंडून विचारा, ‘तुला काय वाटतं, दार उघडू का?’ अनोळखी टेबलावर माणूस आवडतो तो यामुळे.

टेबलं बिघडतात त्याची कारणंही ठरलेली आहेत. गेम मास्टरने समोर ठेवलेलं काम नाकारणं हे त्यातलं सगळ्यात वाईट. घरच्या लांब मोहिमेत ‘आम्ही त्या किल्ल्यात जातच नाही’ म्हणता येतं, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटायचं असतं. इथे चारच तास आहेत आणि किल्ल्यापलीकडे काही लिहिलेलंच नाही. किल्ल्यात जा. दुसरं, ‘माझं पात्र असंच आहे’ म्हणून सोबत्यांची चोरी करणं किंवा त्यांचा डाव उधळणं. तिसरं, नियमांवरून वाद. गेम मास्टरचा निर्णय चुकला असं वाटलं तर एकदा शांतपणे सांगा, मग त्याचं ऐका. वादात गेलेली दहा मिनिटं शेवटच्या सामन्यातून कापली जातात. चौथं, आपली पाळी नसताना फोन बघत बसणं.

टेबलावर फुली मारलेलं एखादं कार्ड दिसलं तर ते काय आहे ते माहीत असू द्या. त्याला एक्स-कार्ड म्हणतात. प्रसंग कोणाला सहन होईनासा झाला तर त्याने कार्डाला बोट लावायचं; गेम मास्टर तो प्रसंग तिथेच वळवतो आणि त्याचं कारण कोणी विचारत नाही. सुरुवातीला कोणते विषय नकोत असं विचारलं तर संकोच करू नका. आपल्याकडे अशा वेळी ‘काही नाही, चालेल’ म्हणायची सवय असते, इथे खरं सांगितलेलं सगळ्यांच्या सोयीचं असतं. आणि टेबल खरंच वाईट निघालं तर मध्यांतरात ‘मला निघावं लागेल’ म्हणून उठा. तिकिटाचे पैसे किरकोळ आहेत, दुपार नाही. कोणी त्रास दिला तर थेट आयोजकांच्या माणसांना सांगा.

पुढच्या वर्षी स्वतः खेळ चालवायचा विचार मनात येईलच. ठरावीक तास खेळ चालवणाऱ्यांना बॅजचे पैसे परत मिळायची योजना असते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो. स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

विक्रीच्या दालनाबद्दल फार लिहीत नाही. ते सकाळी दहाला उघडतं. गुरुवारी पहिल्या तासात नव्या खेळांसाठी झुंबड उडते आणि मोजक्या प्रती तेव्हाच संपतात. तशी काही घाई नसेल तर दुपारी जा आणि दहा-वीस मिनिटांचे नमुना डाव खेळून बघा, ते फुकट असतात. जाड बांधणीचं नियमांचं पुस्तक साधारण किलोभराचं असतं. भारतात न्यायचं असेल तर सामानाच्या 23 किलोंत ते मोजा आणि खरेदी रविवारी करा, नाहीतर चार दिवस खांद्यावर वागवावं लागेल. रविवारी दालन चारलाच बंद होतं, त्यामुळे त्या दिवशीचा खेळ सकाळचा घ्या आणि उरलेल्या जेनेरिक तिकिटांचं काय करायचं ते जेवणाआधी उरकून टाका.